तळपायांची आग आणि न कळणारे पाय: मधुमेहातल्या नसांच्या दुखण्याचं काय करायचं

रात्रीचे साडेअकरा झाले की आजींचे पाय पांघरुणाबाहेर येतात. पौषातली थंडी असली तरी. थोड्या वेळाने त्या उठतात, मोरीत जाऊन पायांवर दोन तांबे गार पाणी ओततात आणि ओल्या फरशीवर तळवे टेकवून बसून राहतात. दिवसा विचारलं तर म्हणतात, "चालताना एवढं काही नाही गं, पण पाठ टेकली की तळव्यांत निखारे ठेवल्यासारखं होतं."

तालुक्याच्या गावातल्या माझ्या दवाखान्यात हे गाऱ्हाणं घेऊन आठवड्याला पाच-सहा जण तरी येतात. बहुतेकांची शुगर आठ-दहा वर्षांची जुनी असते. तोवर कुणी मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्लेल्या असतात, कुणी मालिश करून घेतलेली असते, कुणी 'उष्णता वाढली' म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू केलेला असतो. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच सांगायची विसरतात, कारण तिचा त्रास होत नसतो: पायाला पूर्वीसारखं कळत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले लोक १० कोटींच्या पुढे आहेत. त्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या नसांना कधी ना कधी इजा होते. आग कशी ओळखायची आणि कशी कमी करायची ते पुढे सांगतेच. पण माझा जीव खरा टांगणीला लागतो तो न दुखणाऱ्या पायासाठी, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

हे दुखणं वेगळं का

कापलं, भाजलं, मुरगळलं की दुखतं, तेव्हा नसा आपलं काम चोख करत असतात. इजा झाली असा निरोप त्या मेंदूला देतात. नसेच्या दुखण्यात पायाला काहीच झालेलं नसतं. निरोप नेणारी तारच खराब झालेली असते आणि ती आपल्याच मनाने निरोप धाडत राहते. म्हणून लोक सांगतात तेही वेगळं असतं: आग होते, मुंग्या येतात, टाचण्या टोचतात, करंट बसल्यासारखी कळ जाते, चादर नुसती घासली तरी सहन होत नाही. आणि त्याच पायाबद्दल पुढच्या वाक्यात, "कापसावर चालल्यासारखं वाटतं." दोन्ही एकदम खरं असतं.

आपण 'नस' आणि 'शीर' हे शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे बोलताना घोटाळा होतो. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा हा वेगळा विषय. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

सुरुवात बोटांपासूनच का? कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस सुमारे एक मीटर लांब असते. तिची पेशी मणक्याजवळ, आणि रसद तिथून शेवटच्या टोकापर्यंत पोचवायची. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसेच्या आतलं काम बिघडतं आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही अरुंद होत जातात. शेवटच्या घराला नळाचं पाणी आधी बंद होतं, तसं सगळ्यांत लांबच्या टोकाला आधी झळ बसते. म्हणून त्रास आधी बोटांत, मग तळव्यात, मग घोट्यापर्यंत चढतो. दोन्ही पायांना सारखा, मोजा घातल्यासारखा. गुडघ्याच्या जवळ आला की हातांची बोटंही मुंग्या दाखवू लागतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बारीक नसा दुखणं आणि गरम-गार कळवतात. जाड नसा स्पर्श, कंप आणि पाय नेमका कुठे पडला ते कळवतात. बारीक नसा चिडल्या की आग होते. त्याच पुढे मेल्या की गप्प बसतात. शुगर तशीच असताना आग आपोआप थांबली, तर ते बरं होण्याचं लक्षण धरू नका. पाय बधिर झालेला असू शकतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका मला आठवतात. बुटातून रक्त आलं म्हणून मुलगा घेऊन आला. बूट उलटा केला तर आतून दोन रुपयांचं नाणं पडलं. सकाळी बूट घातल्यापासून संध्याकाळपर्यंत काका त्याच्यावर चालले होते. चवड्याखाली नाण्याच्या कडेचा अर्धगोल कापला गेला होता आणि काका मला परत परत सांगत होते, "पण दुखलं नाही हो, मॅडम." ती जखम भरायला अडीच महिने लागले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच दाखवून दिलं. बोटं आणि तळवे रोगाने 'सडत' नव्हते. दुखत नसल्यामुळे रोजच्या बारीकसारीक इजा लक्षात येत नव्हत्या आणि त्यांतून ते झिजत होते. मधुमेहाच्या पायाची जी काळजी आज घेतली जाते, तिचा मोठा भाग त्या कामातून आला आहे.

पायरी पहिली: आग नसेचीच आहे ना?

प्रत्येक मुंगी मधुमेहाची नसते. दवाखान्यात जायच्या आधी स्वतःशी नीट उजळणी करा: एका पायाला की दोन्हींना, कुठून कुठपर्यंत, कधी वाढतं, कशाने उतरतं.

एकाच बाजूला, कमरेतून कुल्ल्यामागून पोटरीपर्यंत कळ येते आणि खोकल्यावर-शिंकल्यावर वाढते, तर मणक्याजवळ नस दबली असण्याची शक्यता जास्त. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि उभं राहिलं की पाच मिनिटांत थांबतं, तर दोष रक्तवाहिन्यांचा असू शकतो. ते अधिक घाईचं काम आहे, विशेषतः तंबाखू-बिडी असेल तर. हाताचा अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं रात्री बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबली आहे. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांत पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण. नागिणीवर मंत्र आणि गेरूच्या लेपात दिवस घालवू नका. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. दोन्हीकडून विळखा पूर्ण झाला तर माणूस जातो, ही भीतीही मनातून काढून टाका.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लपवण्यात फक्त नसांचं नुकसान होतं.

काही वेळा मात्र उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. दोन्ही पायांतली ताकद तासातासाला कमी होत वर चढते आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलियन-बॅरे सिंड्रोमचे (शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच नसांवर उलटते, तो आजार) रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांची सुरुवात अशीच होती. लघवी-संडासवरचा ताबा गेला आहे किंवा बसायची जागा बधिर झाली आहे. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय अचानक लुळा पडला. आणि मधुमेहींसाठी खास: एकच पाय सुजून लाल आणि हाताला गरम लागतो आहे, पण फारसा दुखत नाही. पायाची हाडं आतून मोडत असताना पाय असाच दिसतो. तो पाय जमिनीला न टेकवता डॉक्टरांकडे न्या.

पायरी दुसरी: घरच्या घरी बोटाने तपासा

याला मिनिटभर लागतं, काहीही विकत आणावं लागत नाही, आणि सून, मुलगा, नातू कुणीही करू शकतं. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली.

माणसाला पाय लांब करून झोपवा, डोळे मिटायला सांगा. आधी कपाळाला बोट लावून दाखवा, "असं लागलं की 'हो' म्हणायचं, आणि डावा की उजवा ते सांगायचं." मग आपल्या तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला अलगद स्पर्श करा. एक-दोन सेकंद, तेवढंच. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. मग त्याच पायाची करंगळी. मग डाव्या पायाचा अंगठा, डावी करंगळी. शेवटी उजव्या पायाचं मधलं बोट आणि डाव्याचं मधलं. एकूण सहा ठिकाणं. कळलं नाही म्हणून त्याच ठिकाणी पुन्हा जोर देऊन बघायचं नाही. 'नाही' ते 'नाही'.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायांना जखमेचा धोका आहे असं धरा आणि डॉक्टरांना तसं सांगा. माझा अनुभव असा की माणसाला स्वतःला धक्का बसतो. "लावलंस का? कधी?" असं विचारतात, आणि घरच्यांनाही तेव्हाच पहिल्यांदा उमगतं.

पायरी तिसरी: कोणत्या तपासण्या

डॉक्टरांनी पाय उघडा करून बघितलाच पाहिजे. मोजे न काढता दिलेल्या औषधावर माझा विश्वास नाही. नायलॉनचा बारीक तंतू टेकवून (तो १० ग्रॅम दाबाला वाकतो) स्पर्श बघतात, १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का ते बघतात, टाचेमागे छोट्या हातोडीने ठोकून पाऊल झटक्याने हलतं का ते आणि पायाची नाडी बघतात. एवढ्यावर बहुतेक निदान होतं. नसांची विजेवर होणारी तपासणी, म्हणजे एनसीव्ही, सगळ्यांना लागत नाही. ती जाड नसांची असते. फक्त बारीक नसा बिघडल्या असतील तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणसाला वाटतं आपण उगीच कण्हतो. तसं नसतं.

रक्ताच्या तपासण्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉईडसाठी टीएसएच आणि बी-१२ एवढं नक्की असावं. बी-१२ वर मी जरा थांबते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की हे जीवनसत्त्व आतड्यातून कमी शोषलं जातं. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणारे तर घरोघरी. ती गोळीही बी-१२ कमी करते. त्याच्या कमतरतेनेही हुबेहूब असेच पाय जळतात आणि चालताना तोल जातो. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, आणि वेळेत भरली तर पाय सुधारतात. नसांच्या दुखण्यात इतकं सहज हाती लागणारं कारण क्वचित सापडतं. पण इंजेक्शन सुरू करायच्या आधी रक्त द्या, नंतर पातळी मोजून काही कळत नाही. आणि मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

उलट बाजूही सांगते. 'नसांच्या ताकदीच्या' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बी-६ असतं. जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर बी-६ स्वतःच नसांना इजा करतं. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम चालू असतील तर पाकिटं घेऊन या, आपण बेरीज करून बघू. टीबीचं औषध चालू असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आयसोनियाझिडमुळे बी-६ कमी पडतं, त्यांना ते थोड्या मात्रेत मुद्दाम देतात.

दारू रोजची असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. तीही नसांना जाळते.

पायरी चौथी: शुगर खाली आणायची, पण धाडकन नाही

साखर आवरल्याशिवाय नसांची झीज थांबत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात याचा फायदा फार मोठा दिसतो. अमेरिकेतल्या डीसीसीटी या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे जो घराघरांत आहे त्या टाइप २ मध्ये फायदा त्याहून कमी, पण आहे. एचबीए१सी सातच्या आसपास, वय झालेल्या आणि शुगर मध्येच फार खाली जाणाऱ्या माणसांना साडेसात-आठ, असं साधारण धोरण असतं. आपला आकडा आपल्या डॉक्टरांनी ठरवायचा.

कित्येक वर्षं शुगर बेफाम ठेवून माणूस एकदम मनावर घेतो. इन्सुलिन, कडक पथ्य, सगळं एकाच वेळी. एचबीए१सी तीन महिन्यांत बारावरून सातवर येतं आणि पायांची आग कधी नव्हे एवढी भडकते. मग "औषधाने बिघडलं" म्हणून सगळं सोडून देतात. इतक्या झपाट्याने साखर उतरली तर नसा चिडू शकतात, हे ठाऊक असलेलं आहे. काही महिन्यांत ते सहसा निवळतं. उपचार सोडायचे नाहीत, उतरण्याचा वेग मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवायचा.

पायरी पाचवी: आगीवरच्या गोळ्या कशा घ्यायच्या

अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या सूज कमी करून दुखणं थांबवतात. इथे सूज नाही, बिघाड तारेत आहे, म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा उपयोग होत नाही. मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक, त्यात या गोळ्या रोज म्हणजे दुहेरी नुकसान. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा. त्यांत स्टेरॉईड असलं की दोन दिवस अंग हलकं वाटतं आणि शुगर चारशेवर जाते.

नसांच्या दुखण्याची औषधं मुळात दुसऱ्याच आजारांसाठी आली: काही उदासीनतेसाठी, काही फिटसाठी. इंटरनेटवर गोळीचं नाव बघून "मला वेड लागलंय का?" असं विचारत येणाऱ्यांना मी सांगते, की चिडलेल्या नसेला शांत करायचा रस्ता तोच आहे, म्हणून औषध तेच आहे.

अॅमिट्रिप्टिलिन जुनं आणि स्वस्त. रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, हळूहळू वाढवतात. झोप येते, आणि रात्रीच्या आगीत तेच हवं असतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ते आधी सांगा. ड्युलोक्सेटिन २० किंवा ३० मिलिग्रॅमने सुरू करून बहुतेकांना ६० पर्यंत नेतात; पहिले आठ दिवस मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावं. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असलेल्यांना ते चालत नाही. प्रीगाबॅलिन आणि गॅबापेन्टिन या एकाच घरातल्या दोन गोळ्या. प्रीगाबॅलिन बहुधा रात्री ७५ ने सुरू होतं, म्हाताऱ्या माणसांना त्याहूनही कमी. गुंगी, चक्कर, पायावर सूज, वजन वाढणं हे त्यांचे त्रास. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा घटवावी लागते. पहिल्या आठवड्यात मोटरसायकल आणि ट्रॅक्टर चालवू नका, आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर क्षणभर बसा, मग उभे राहा.

यांतलं चांगलं कोणतं? २०२२ साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबॅलिन यांपैकी कशानेही सुरुवात केली तरी उतार जवळपास सारखाच पडला, आणि एका औषधाने पुरेसं भागलं नाही त्यांना दुसरं जोडल्यावर आणखी बरं वाटलं. म्हणजे निवड करायची ती तुमच्या बाकीच्या आजारांवरून, झोपेवरून आणि खिशावरून. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही.

सगळ्यांत जास्त माणसं कुठे चुकतात, तर चौथ्या दिवशी. "काही फरक नाही, नुसती झोप येते," म्हणून गोळी बंद. ही औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. पुरेशा मात्रेवर पोचल्यावर दोन ते चार आठवडे दिल्याशिवाय लागू आहे की नाही ते ठरवता येत नाही. उलट बरं वाटलं म्हणून एक दिवस अचानक सोडणंही चूक. घाम, घबराट, झोप उडणं असं होतं. कमी करायची तीही पायरीपायरीनेच.

किती उताराची आशा धरावी? मी आजींना आण्यांत विचारते. एक ते दहा हे त्यांना जमत नाही, पण "पहिल्या दिवशी सोळा आणे होतं, आज किती?" म्हटलं की पटकन सांगतात, "नऊ-दहा आणे." सोळाचं आठ-दहावर आलं आणि झोप लागायला लागली, तर औषध लागू पडलं. पूर्ण शून्य क्वचितच होतं, आणि शून्याच्या हट्टापायी गोळ्या वाढवत गेलं तर माणूस दिवसभर पेंगत राहतो, पडतो, खुबा मोडून घेतो. आमच्या आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात रोज आण्यांचा आकडा घालतात. महिन्याने ते पान माझ्यापुढे ठेवलं की मला दुसरं काही विचारावं लागत नाही.

लावायच्या औषधांत मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं मलम मिळतं. सुरुवातीला आग वाढते, मग नसेची टोकं थकून गप्प होतात. दिवसातून तीन-चारदा, कित्येक आठवडे लावावं लागतं. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. जखम किंवा भेगा असलेल्या, बधिर झालेल्या पायाला ते लावायचं नाही. ट्रामाडॉलसारख्या गोळ्या कमी दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखालीच, सवय लागते.

काशाची वाटी, मेंदी, गार पाणी

काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासायची आपली जुनी रीत मला आवडते. पाय हातात घेऊन कुणीतरी पंधरा मिनिटं घासतं, त्या लयीनेच झोप येते; घासण्याचा स्पर्श आगीच्या निरोपाला काही वेळ मागे सारतो. वाटीखालचं काळं म्हणजे 'अंगातली उष्णता' नव्हे. धातू तुपात आणि घामात घासल्याने तो रंग येतो. कातडी अखंड असेल तर खुशाल करा. पुढचं घाई न करता वाचा: घासताना तळवा नीट उजेडात बघा. चीर, फोड, घट्टा, रंग बदललेला डाग दिसला तर वाटी बाजूला ठेवा. आणि शेवटी बोटांच्या बेचक्यांतलं तूप पुसून काढा, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

मेंदीने गार वाटतं, लावायला हरकत नाही, फक्त काळी 'झटपट' मेंदी नको. गार पाण्यात पाच मिनिटं पाय ठेवले तर चालतं. रात्रभर बादलीत पाय बुडवून बसलात तर कातडी पांढरी, मऊ होते आणि सोलवटते. बर्फ नको. शेक तर मुळीच नको. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेकोटीजवळ पाय, यांनी भाजलेले पाय मी दर हिवाळ्यात बघते, आणि प्रत्येक वेळी माणूस म्हणतो, "गरम लागलंच नाही."

चादरीचा स्पर्श सहन होत नसेल तर पायथ्याशी उलटं स्टूल ठेवून त्यावर पांघरूण टाका. संध्याकाळी अर्धा तास चाला. पायावर जखम नसेल तर चालण्याने रक्तही खेळतं आणि शुगरही उतरते. तोल जात असेल तर ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे उभं राहायचा सराव दिवसातून तीनदा करा.

पायरी सहावी: रोज रात्री पाय बघायचे

जेवणं झाली, भांडी झाली की पाच मिनिटं. पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम ते पायाने नाही, कोपराने बघा. टिपून कोरडे करा, बेचक्या सुद्धा. मग तळवा, टाच, बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा. मुलांची नजर फार तेज असते. काय शोधायचं? लाल झालेली जागा, फोड, भेग, काळपट डाग, रुतलेला काटा, एका बाजूला जास्त गरम लागणं. कोरड्या टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा.

नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. भोवरी किंवा घट्टा ब्लेडने तासू नका, आणि भोवरीवर चिकटवायच्या पट्ट्याही लावू नका. त्यांत कातडी जाळणारं आम्ल असतं, बधिर पायात ते कुठवर गेलं ते कळत नाही. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. हळद, चुना, बिडीची राख काही भरू नका.

जमिनीवर झोपत असाल तर जाड सुती मोजे घाला, शक्य तर खाटेवर झोपा. बधिर पायाचं बोट रात्री उंदीर कुरतडून जातो आणि सकाळी चादरीवर रक्त बघून कळतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे घडतं, आणि लाजेपोटी लोक ते सांगत नाहीत.

पादत्राणाचा खर्च औषधाइतकाच खरा समजा. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. अंगठ्याच्या चपला बधिर पायातून निसटतात आणि कळतही नाही. नवी चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढून पाय बघा, मग हळूहळू वाढवा. घरातही अनवाणी नको. शेतात बाभळीचा काटा आणि तोडलेल्या उसाची खोडं असतात, तिथे बंद बूट. मोटरसायकलच्या सायलेन्सरपासून पाय लांब.

देवळाचा प्रश्न नेहमी येतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत असतं, चैत्रात देवळाचं दगडी आवार तापलेलं असतं, आणि वारीत तर आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं. मी कुणाला श्रद्धा सोडायला सांगत नाही. देवळात जाड सुती मोजे घालून जा, दर्शनाला पहाटे जा. बोटाच्या तपासणीत दोन ठिकाणं चुकली असतील तर अनवाणी राहायचं व्रत घेऊ नका, दुसरं घ्या. वारीला जायचं असेल तर आधी महिनाभर त्याच चपलेत चालायचा सराव करा, पिशवीत मोज्यांचे चार जोड ठेवा, पांढरे, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसेल. प्रत्येक विसाव्याला पाय उघडून सोबत्याला दाखवा. फोड आला तर त्या दिवशी पुढचा टप्पा गाडीने.

आणि चप्पल-बूट घालण्याआधी, प्रत्येक वेळी, आत हात घालून चाचपा, मग उलटा करून झटका. कंडक्टर काका आता हे रोज करतात. मागच्या खेपेला त्यांनी मला बुटातून निघालेला पेनच्या टोपणाचा तुकडा आणून दाखवला, कागदाच्या पुडीत बांधून, आणि मोजा काढून पाय पुढे केला. तळव्यावर ओरखडाही नव्हता.